हत्तीरोग : जंत अंगात, पण अंगाला पत्ता नाही

पायात काटा रुतला की दोन दिवसांत ती जागा लाल होते, ठणकते, पू धरते. शरीराने परका ओळखला आणि त्याच्यावर चाल केली, असा त्याचा अर्थ. मग बोटभर लांब, दोऱ्यासारखा जिवंत जंत पाच-सहा वर्षं अंगात राहतो आणि माणसाला काही कळतही नाही, हे कसं?

आपल्या भागात हा प्रश्न नुसता परीक्षेपुरता नाही. बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही कर्नाटकातले हत्तीरोगाचे जिल्हे. कन्नडमध्ये याला 'आनेकालु रोग' म्हणतात.

रोगाचं मूळ म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा जंत. तुंबलेल्या गटारात वाढणारा क्युलेक्स डास त्याच्या अळ्या माणसापर्यंत आणतो. पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी रक्तात परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांत जंत मुक्काम करतो. मादी लाखो सूक्ष्म पिल्लं सोडते. ती मुख्यतः रात्री रक्तात फिरतात, म्हणूनच तपासणीचं रक्त रात्री घेतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेत लढणाऱ्या पेशी असतात, तशा 'आता पुरे' म्हणून लढाई थांबवणाऱ्याही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्या नसत्या, तर साध्या जखमेची सूजही ओसरली नसती. जंत नेमका त्यांचाच फायदा घेतो. तो जी द्रव्यं सोडतो, त्यांमुळे या पेशींचा जोर वाढतो आणि इंटरल्युकिन-१० सारखे 'शांत राहा' सांगणारे रेणू जास्त तयार होतात. लढणाऱ्या टी पेशी जंतापुढे थंड पडतात. प्रतिपिंडं तयार होतात, पण त्यांत आयजीजी-४ हा मवाळ प्रकार फार वाढतो. सूज पेटवणाऱ्या आयजीई प्रतिपिंडांच्या तो आड येतो.

म्हणजे पहारेकरी जागेवरच आहेत, फक्त त्यांना घरातूनच गप्प बसायचा हुकूम सुटलाय!

यातून एक उलटी गोष्ट घडते. ज्याचा पाय हत्तीसारखा सुजलाय, त्याच्या रक्तात पुष्कळदा पिल्लं सापडतच नाहीत. आणि ज्याच्या रक्तात ती भरपूर आहेत, तो धडधाकट दिसतो, शेतात राबतो, कॉलेजला येतो. डासामार्फत रोग पसरतो तो या धडधाकट माणसाकडून. त्याचं स्वतःचं नुकसानही चालूच असतं. लसिकावाहिन्या आतून फुगत जातात. पुढे पाण्याचा निचरा बिघडतो, त्वचेतून जिवाणू शिरतात, सूज वाढते. एकदा पाय पुरता जाड झाला की गोळ्यांनी तो पूर्ववत होत नाही.

म्हणून आशाताई गोळ्या घेऊन दारात येतात, तेव्हा "मला काय झालंय? मी कशाला खाऊ?" हे उत्तर कामाचं नाही. काही झालंय असं न वाटणं, हीच तर या जंताची करामत. दोन वर्षांखालील मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं सोडून बाकी सर्वांनी गोळ्या घ्यायच्या, त्याही जेवण झाल्यावर, ताईंच्या समोरच.

"गोळी खाल्ली अन् ताप आला" ही तक्रारही समजून घेऊ. गोळीने पिल्लं मरू लागली की त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि इतके दिवस गप्प असलेली यंत्रणा खवळते. ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते. बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. त्रास जास्त वाटला तर सरकारी दवाखाना गाठायचा. तीन औषधं एकत्र देणं कितपत सुरक्षित, हे पाहायला पाच देशांत २६,००० हून अधिक लोकांचा अभ्यास झाला. त्यात भारतातून निवडला होता आपल्या शेजारचा यादगीर, २००९ पर्यंत गुलबर्गा जिल्ह्याचाच भाग असलेला. तिथेही हेच दिसलं : ज्यांच्या रक्तात पिल्लं होती, त्यांनाच असा त्रास जास्त झाला.

तेव्हा घरी कुणाला गोळीने ताप आला, तर पुढच्या वर्षी गोळी टाळू नका. तिची गरज त्याच माणसाला सगळ्यांत जास्त असण्याची शक्यता आहे.