प्लॅस्टिकचे कारखाने व त्यांची जागा

पाण्याचा नळ, ठिबकाची नळी, आंब्याचें क्रेट, कलमाची पिशवी. शेतकऱ्याच्या घरीं प्लॅस्टिक कोठें नाहीं असें आज म्हणतां येत नाहीं. परंतु हा माल कोठें तयार होतो व तेथेंच कां तयार होतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. गांवांत कारखाना निघणार अशी वार्ता आली म्हणजे मग धांवाधांव सुरू होते. ती धांवाधांव मीं कचेरींतल्या टेबलामागून पुष्कळ वर्षें पाहिली आहे. म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं प्लॅस्टिकचे धंदे दोन आहेत. एक कच्ची पूड किंवा दाणा तयार करण्याचा आणि दुसरा त्यापासून वस्तु घडविण्याचा. दोघांना लागणारी जागा अगदीं निराळी असते.

पहिल्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेस गोळप गांवीं, रनपार बंदरानजीक, फिनोलेक्स कंपनीनें १९९४ सालीं पीव्हीसीची पूड करण्याचा कारखाना सुरू केला. आरंभीं त्याची शक्ति वर्षाला १,३०,००० टनांची होती. पुढें ती वाढविण्यांत आली. शेतांत आपण पुरतों तो करडा नळ याच पुडीचा. १८७२ सालीं बाउमान नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें एक वायु बाटलींत भरून उन्हांत ठेवला असतां आंत पांढरा घन पदार्थ धरलेला त्याला दिसला. तोच हा पदार्थ. त्याच्या वजनांतील सुमारें ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो व क्लोरीन मिठापासून काढतात. म्हणजे आपल्या मिठागरांशीं या नळाचें दूरचें नातें आहे म्हणावयाचें!

आतां एवढा मोठा कारखाना मुंबई सोडून रनपारच्या किनाऱ्यावर कां यावा? कारण त्याला लागणारा कच्चा माल परदेशाहून जहाजानें येतो. बाउमानच्या बाटलींतला तो वायु उणे १३ अंशांवरच उकळूं लागतो, आणि इथिलीन तर उणे १०४ अंशांवर. असला माल दाबाखालीं किंवा अतिशय थंड ठेवूनच हलवावा लागतो. तो शेंकडों मैल रस्त्यानें आणण्यापेक्षां जहाज जेथें लागेल तेथेंच कारखाना बांधणें शहाणपणाचें. त्यासाठीं येथें उघड्या समुद्रांत धक्का बांधलेला आहे.

उलट नळाचें पाहा. वीस फुटी नळांत बहुतेक पोकळीच असते. ट्रक भरतो पण वजन भरत नाहीं, आणि भाडें मात्र पुरें द्यावें लागतें. पूड पोत्यांत दाबून नेतां येते. म्हणून पूड समुद्राकांठीं आणि नळ गिऱ्हाइकाजवळ, असा या धंद्याचा हिशेब आहे. जळगांवास समुद्र नाहीं, पण केळीचे मळे आहेत. तेथें जैन मंडळींनीं १९८० सालीं पीव्हीसी नळांचें उत्पादन सुरू केलें व पुढें ठिबकांत नांव मिळविलें. त्याच शहरांत प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखानेही उभे राहिले. फिनोलेक्सचे नळसुद्धां रत्नागिरीखेरीज पुण्याजवळ उर्से येथें व गुजरातेंत मासर येथें होतात. पुडींत खडूची भुकटी वगैरे मिसळून, तापवून, सांच्यांतून दाबून, पाण्यांत थंड केली कीं नळ झाला. त्याला वीज, थोडें पाणी व बरा रस्ता एवढें पुरतें. लहान गांवांत हा धंदा पसरला तो यामुळेंच, आणि तो पसरावा असें माझें मत आहे. आमच्या मुलांना मुंबईची वाट धरण्यापेक्षां हें बरें.

पण जागा निवडणारा स्वतःचा हिशेब करतो; आपला हिशेब आपणच करावयास हवा. कच्च्या मालाच्या कारखान्याची भीति निराळी आहे. १९७४ सालीं अमेरिकेंतील अशा कारखान्यांतल्या कामगारांत यकृताचा एक विरळा कर्करोग आढळला, तेव्हांपासून त्या वायूविषयीं जगभर कडक नियम झाले. विशाखापट्टणम् येथें दुसऱ्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यांत ७ मे २०२० रोजीं पहांटे वायु सुटला व बारा माणसें दगावलीं. तो कारखाना १९६१ सालीं उभारला होता. पुढें घरें त्याच्या भिंतीपर्यंत आलीं. तेव्हां आज वस्ती किती दूर आहे एवढें विचारून भागत नाहीं, पन्नास वर्षांनीं ती कोठें असेल हेंही विचारावें. वाऱ्याचेंही तसेंच. मोहोराच्या दिवसांत आपल्याकडे दुपारीं खारा वारा व रात्रीं मतलई वाहतो. नकाशावर वाऱ्याचा एकच बाण काढलेला असेल तर तो कोणत्या वेळचा, हें विचारण्यांत संकोच नसावा.

आणि सर्वांत वाईट फसवणूक कातळाची होते. सात-बाराच्या उताऱ्यावर सडा बहुधा ‘पोटखराब’ म्हणून लागलेला असतो. कारखान्यासाठीं जागा शोधणारा नकाशा व उतारा घेऊन बसतो, त्याला वाटतें, येथें कांहींच पिकत नाहीं, कोणाचें कांहीं जात नाहीं. वस्तुतः जांभा दगड सच्छिद्र आहे. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा आपला पाऊस त्यांतूनच झिरपतो व खालच्या झऱ्यांना, विहिरींना आणि आंब्यांच्या मुळांना मिळतो.

हें मला नोकरींत कळलें नाहीं. आमच्या घरच्या सड्याची नोंद मींच एके काळीं जुन्या कागदावरून नकलून काढली होती. जागेवर गेलों नव्हतों. पावसांत त्यावर गवत असे, कडेला दोन पट्टे नाचणीचे असत. त्यांतला भाग चुलतभावानें विकला, पोटखराब म्हणून अगदीं थोड्या किंमतीला. घेणारानें तेथें जुनें प्लॅस्टिक धुऊन दाणा करण्याचें लहानसें यंत्र बसविलें. धुण्याचें पाणी तो कातळाच्या भेगेंत सोडी. दुसऱ्या वर्षींच खालच्या विहिरीला साबणासारखा फेंस व वास येऊं लागला. तक्रार केली तेव्हां अधिकाऱ्यानें उतारा पुढें केला. खालीं तुमची नोंद असलेला झरा कोठें आहे, असें त्यानें विचारलें. झऱ्याची नोंद नव्हतीच. अक्षर माझेंच होतें.

म्हणून नोटीस येण्यापूर्वींच आपला उतारा काढून वाचावा. ‘वर्ग अ’चा पोटखराब प्रत्यक्ष लागवडीखालीं आणला असेल तर तो लागवडीयोग्य म्हणून लावून घेण्याची सोय आतां आहे, तलाठ्याकडे अर्ज द्यावा व पाहणीच्या वेळीं स्वतः हजर राहावें. झाडें पीकपाहणींत लावून घ्यावींत. मोठ्या कारखान्याची जनसुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी यांचे अध्यक्षतेखालीं होते. तिची सूचना निदान तीस दिवस आधीं वर्तमानपत्रांत यावी लागते व अहवालाचा सारांश मराठींत मिळतो. हरकत तोंडी सांगितली तरी लेखीही द्यावी आणि पोंच घ्यावी. तींत झऱ्यांची नांवें, विहिरींचे गट नंबर, व कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकतें हें लिहावें. मंजूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्याला ही सुनावणी बहुधा लागत नाहीं, तेव्हां वसाहतीची जागा ठरतांनाच बोलणें जरूर आहे.

आमच्या विहिरीचें पाणी सध्यां फक्त गुरांचा गोठा धुण्यास वापरतों. घरचें पाणी वरच्या वाडींतून नळानें आणलें आहे. तो नळ पीव्हीसीचाच आहे.