सज्ञान माणसाचे पालकत्व

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की भारतीय कायद्याच्या दृष्टीने माणूस सज्ञान होतो आणि त्याच दिवशी आई-वडिलांचे त्याच्यावरील कायदेशीर पालकत्व संपते. त्यानंतर पती पत्नीचा, मुलगी आईची किंवा भाऊ भावाचा आपोआप पालक ठरेल, अशी तरतूद कायद्यात नाही. नाते कितीही जवळचे असले, तरी दुसऱ्याच्या नावावरील घराचे खरेदीखत करून देण्याचा वा त्याची मुदत ठेव मोडण्याचा अधिकार केवळ नात्यामुळे मिळत नाही. एरवी ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही. मेंदूतील रक्तस्राव, अपघातानंतरची दीर्घ बेशुद्धी किंवा हळूहळू बळावणारा स्मृतिभ्रंश यांमुळे घरातल्या कर्त्या माणसाची निर्णयक्षमता हरपते, तेव्हा मात्र त्याच्या खात्यात पैसे असूनही त्याच्याच उपचारांसाठी ते काढता येत नाहीत, या वास्तवाशी कुटुंबाची गाठ पडते.

पालकत्व या एका शब्दात दोन निराळ्या जबाबदाऱ्या सामावलेल्या आहेत. पहिली व्यक्तीविषयीची, म्हणजे तिचा निवास, सेवाशुश्रूषा आणि उपचार यांविषयीचे निर्णय घेण्याची. दुसरी तिची मालमत्ता, येणी-देणी आणि उत्पन्न सांभाळण्याची. अमेरिकेतील अनेक राज्यांत पहिलीला गार्डियनशिप आणि दुसरीला कॉन्झर्व्हेटरशिप अशी वेगळी नावे आहेत. भारतात दोन्हींसाठी पालकत्व हाच शब्द रूढ असला, तरी एक जबाबदारी सोपवली म्हणजे दुसरीही सोपवली, असे मानण्याचे कारण नाही.

या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज कुलमुखत्यारपत्राविषयी आढळतो. वडिलांनी प्रकृती ठणठणीत असताना मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची चिंता मिटली, असे अनेकांना वाटते; पण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र करून देणाऱ्याचे मानसिक स्वास्थ्य हरपले, की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी तो कागद जपून ठेवलेला असतो, नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने निर्णयक्षमता गेल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय केली. भारतात तशी सर्वसाधारण सोय नाही. नॉमिनीचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो आणि इच्छापत्रही मृत्यूनंतरच अमलात येते. त्यामुळे मरणोत्तर व्यवस्था चोख करून ठेवलेल्या घरांतही, माणूस हयात आहे पण निर्णय घेऊ शकत नाही या अवस्थेसाठी काहीच तजवीज नसते.

शरीराची असमर्थता आणि निर्णयक्षमतेचा अभाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही येथे स्पष्ट करायला हवे. आजारपणामुळे सही करता न येणाऱ्या खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, घेऊन पैसे देता येतात, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. अशा माणसाला पालकाची गरज नसते; त्याला हवा असतो तो फक्त त्याच्या खाटेपर्यंत येणारा अधिकारी. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणाला व्यवहारास अपात्र मानता येत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियमही सांगतो. तशी अपात्रता सक्षम न्यायालयानेच ठरवावी लागते.

पालक नेमण्याचे कायदे मात्र विखुरलेले आहेत. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम अज्ञान मुलांपुरता आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे आणि त्याखालील अर्ज जिल्हा पातळीवरच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ज्या व्यक्तीसाठी अर्ज केला आहे तिला पालकाची खरोखर गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या कामांसाठी, हे दोन प्रश्न समितीला विचारात घ्यावेच लागतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत हिशेब सादर करायचा असतो.

बेशुद्धावस्थेतील रुग्ण या चौकटीत सहसा बसत नाहीत. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयामार्फत व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी दिला, पण मालमत्तेविषयीची ती जुनी तरतूद त्यात उरली नाही. परिणामी अशा रुग्णांच्या नातेवाइकांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे जावे लागते, आणि ज्याला कोणी बोलणारा नाही त्याचे पालकत्व अखेर राज्यसंस्थेकडे असते, या जुन्या तत्त्वाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी पालक नेमले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यांनुसार अर्जदाराने रुग्णाच्या मालमत्तेचा व सर्व वारसांचा तपशील द्यावा, वैद्यकीय मंडळाने रुग्णाला तपासावे, तहसीलदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेट देऊन चौकशी करावी आणि नेमलेल्या पालकाने ठरावीक मुदतीने, सर्वसाधारणपणे दर सहा महिन्यांनी, न्यायालयाला अहवाल द्यावा. अधिकाराचा गैरवापर झाल्यास पालकाला दूर करता येते.

इतकी तपासणी कुटुंबाला जाचक वाटणे स्वाभाविक आहे. आधीच थकलेल्या माणसाला वकील, कागद आणि तारखा यांचा भार सोसावा लागतो, आणि उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. तरीही देखरेख सैल करणे हे त्यावरचे उत्तर नव्हे, कारण ज्याची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती जाते तो तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो. खरे उत्तर एकच सुस्पष्ट कायदा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, माफक खर्चात चालणारी प्रक्रिया हे आहे.

तो कायदा कोणत्या दिशेने जावा, हेही आता पुरेसे स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला आणि त्याच्या अनुच्छेद १२ ने दिव्यांग व्यक्तींची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची मानली. त्याला अनुसरून २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. पुरेसे साहाय्य देऊनही व्यक्तीला कायद्याने बंधनकारक निर्णय घेता येत नसेल तरच तिला असा पालक द्यावा आणि त्याने तिच्याशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावा, असे हा कायदा म्हणतो. घर विकण्याचा व्यवहार जिला उमगत नाही, तिला कोणाबरोबर राहायचे, काय खायचे आणि हातखर्चाचे पैसे कशावर खर्च करायचे हे नेमके ठाऊक असू शकते. पहिल्या बाबतीत आधार लागतो म्हणून बाकीच्या बाबतींतला तिचा शब्द काढून घेणे अन्यायाचे आहे.

तोवर निर्णयक्षमता शाबूत असतानाच काही गोष्टी करून ठेवता येतात. मानसिक आजारावरील उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून प्रतिनिधी नेमता येतो, विश्वासाच्या व्यक्तीसह ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशा पद्धतीचे संयुक्त खाते उघडता येते आणि मोठी मालमत्ता असल्यास हयातीतच खासगी न्यास स्थापन करता येतो. पण प्रसंग ओढवला आणि पालक नेमावा लागलाच, तर त्याने आणि साऱ्या कुटुंबाने एक गोष्ट विसरू नये. पालकाकडे येतो तो केवळ कारभार. मालकी त्याच माणसाची राहते, आणि तो हयात असेपर्यंत सात-बाऱ्यावरच्या त्याच्या नावापुढे कोणीही वारस नसतो.