आधी सावली मोजू द्या

उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, हे वाक्य प्राथमिक शाळेतली मुले पाठ करतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला ते वर्षातून दोन दिवस खरे ठरलेले दिसू शकते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात राहणाऱ्या मुलाला मात्र ते कधीच खरे ठरलेले दिसणार नाही. ग्वाल्हेर २६.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बऱ्याच वर आहे. २१ जूनच्या माध्यान्हीसुद्धा गच्चीवर सरळ उभ्या केलेल्या एक मीटर काठीची सावली पाचेक सेंटीमीटर उरते आणि डिसेंबरच्या अखेरीस ती काठीहूनही लांब, जवळपास १.१८ मीटर होते. शिवाय सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, ग्वाल्हेर ७८.२ अंशांवर, म्हणून तिथली खरी माध्यान्ह सरासरी सतरा मिनिटे उशिरा होते. काठी, खडू, फूटपट्टी आणि घड्याळ एवढ्या सामानावर नऊ वर्षांचे मूल हे सगळे तपासू शकते. प्राथमिक विज्ञानाची सुरुवात इथून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे: ऐकलेले विधान आपल्या अंगणात लागू पडते का, हे मुलाने मोजून पाहावे.

ग्वाल्हेरकर मराठी माणसाला तर हा विषय परका नसावा. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेल्या उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेर दरबारने, माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२३ साली केला. तिथले शंकुयंत्र गोविंद सदाशिव आपटे यांच्या मार्गदर्शनाखाली उभे राहिले. मधोमध एक उभा शंकू, त्याची सावली आणि ती मोजण्याच्या रेषा, इतकेच ते यंत्र. उज्जैन कर्कवृत्ताला अगदी लागून असल्याने २१ जूनला तिथली सावली जवळजवळ संपते. उज्जैन आणि ग्वाल्हेरची त्या दिवसाची मापे शेजारी-शेजारी लिहिली, तर पृथ्वी गोल असल्याची खूण मुलांच्या वहीत आपोआप उतरते.

ही कल्पना चांगली, पण सरकारी शाळेत चालणार कशी, ही पहिली शंका. तिचे उत्तर मध्य प्रदेशातच आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये ते जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत पोहोचले, १९८२ पासून एकलव्य संस्थेने ते पुढे नेले. हे वर्ग सहावी ते आठवीचे होते, हे मान्य करायलाच हवे. पण एकलव्यने पुढे प्राथमिक वर्गांसाठीही शासकीय शाळांत स्वतंत्र कार्यक्रम चालवला. या प्रयत्नांतली सर्वांत मोलाची गोष्ट साहित्याची पेटी नव्हती. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी मांडत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहायची व प्रत्यक्ष प्रयोग करायची मुभा असे. ‘मला उत्तर येत नाही’ ही शिक्षकाची भीती अशा बैठकांत कमी होते. तिच्यावर आदेश काढून इलाज होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शास्त्रज्ञांना शतके लागली ते मुलांनी चाळीस मिनिटांच्या तासात शोधायचे का? नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पृथ्वीचा आस कललेला आहे हे चौथीतले मूल सावलीवरून काढू शकत नाही. ते शिक्षकानेच सांगावे, पण नंतर. सहा महिन्यांची मापे हाताशी असलेल्या मुलाला ते स्पष्टीकरण कशाचे आहे हे कळते. मापे नसतील तर ते आणखी एक पाठ करायचे वाक्य होते. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या लष्कर भागातल्या मुलाची अडचण यात दुहेरी आहे: तिसऱ्या भाषेतली व्याख्या ते अर्थाविना म्हणू शकते, पण स्वतः आखलेल्या रेषेबद्दल आजीशी मराठीत वाद घालू शकते.

वेळ पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून धडे कमी करावेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीत विज्ञान वेगळे न ठेवता परिसर अभ्यासात सामावले, त्याचा हेतूही हाच होता. तरी परीक्षा जुनीच राहिली, तर पालक गुणांकडे पाहणारच, आणि त्यात त्यांचा दोष नाही. होशंगाबादचा कार्यक्रम शासनाने २००२ मध्ये बंद केला. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक त्यामुळे एकटे पडले, आणि तो निर्णय चुकीचा होता. ग्वाल्हेरच्या शाळांना मात्र शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. चौथी-पाचवीच्या परीक्षेत निदान एक प्रश्न असा ठेवा, ज्याचे उत्तर पुस्तकात नसेल आणि शाळेच्या अंगणात मोजूनच मिळेल. पालकांनीही शाळेकडे तो मागावा.