टॅग नीट द्या, लेख वाचकापर्यंत पोहोचेल

आपण कष्टाने लेख लिहितो, व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि दोन दिवसांत तो सुप्रभात संदेशांखाली गाडला जातो. शोधणाऱ्याला तो पुढेही सापडावा, यासाठी सोशल बुकमार्किंग आणि टॅग आहेत.

२००३ मध्ये सुरू झालेल्या डिलिशसवर लोक आवडलेल्या पानाची लिंक सर्वांना दिसेल अशी जतन करत आणि तिला विषयाचे शब्द जोडत. हे शब्द म्हणजेच टॅग. डिलिशस मागे पडले, पण पिंटरेस्टवर आजही अशा लिंक साठवता येतात. फेसबुक आणि एक्सवर हॅशटॅग तेच काम करतो.

कसबा पेठेशेजारच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा घ्या. फुले दांपत्याने १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू केली. स्मारकासाठी तो जीर्ण वाडा २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्यावरील लेखाला फक्त #जयभीम लावले, तर तो असंख्य पोस्टमध्ये हरवेल. त्यासोबत #भिडेवाडा, #सावित्रीबाईफुले, #पुणे द्या. कार्यक्रम कसबा पेठेत असेल, तर #कसबापेठ जोडा.

हे लक्षात ठेवा:

• हॅशटॅगमध्ये जागा सोडू नका. ‘#भिडे वाडा’ लिहिले, तर टॅग ‘भिडे’पाशीच संपतो.
• कोणी ‘जोतीराव’ शोधतो, कोणी ‘ज्योतिबा’. दोन्ही द्या.
• विषयाशी संबंध नसलेले टॅग टाळा. वाचक एकदा फसला की परत येत नाही.

वाडा आता उरला नाही. त्याचा इतिहास शोधणाऱ्या मुलीला आपला लेख सापडलाच पाहिजे.