आपली लग्नपत्रिका आपल्या विचाराची असावी!

लग्नसराई जवळ आली की घराघरांत याद्या सुरू होतात. हॉल कोणता, जेवणात काय, पाहुणे किती, मानपान कोणाचे? या गडबडीत पत्रिकेचा विचार सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत होतो. घरातल्या एखाद्या पोराला प्रेसवर पिटाळले जाते. प्रेसवाला मागच्या कोणाची तरी पत्रिका नमुना म्हणून काढतो, नावे बदलतो आणि सायंकाळी गठ्ठा घरी येतो. मजकूर नीट वाचायला कोणाला सवड नसते.

परंतु समाजबांधवांनो, लग्न एका दिवसाचे असते. पत्रिका मात्र आपल्या आधी दोनशे-पाचशे घरांत जाऊन पोहोचते. गावातल्या शेजाऱ्याच्या ओसरीवर, कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर, मुलीच्या मैत्रिणीच्या घरी ती आपल्याविषयी बोलते. आपण कोण आहोत, काय मानतो, आपल्या घरात बाईला काय स्थान आहे, हे सारे त्या चार ओळींत उमटते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजले आहे.

छापील अक्षराचे मोल

ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाला छापील कागदाचे मोल कोणी वेगळे सांगायला नको. प. पू. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली त्याच 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. आपला विचार आपल्याच अक्षरांत छापला गेला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. लग्नविधीच्या बाबतीत तर वाट त्याही आधीची आहे. महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीविना पहिले लग्न लावले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या लग्नाला स्वतंत्र विधी लाभला. होम नाही, सप्तपदी नाही. पांढरी वस्त्रे, त्रिसरण-पंचशील आणि मंगल गाथा. विधी इतका साधा आणि स्वच्छ असताना पत्रिका मात्र जुन्याच वळणाची का असावी?

तयार पत्रिकेतली अडचण

पूर्वी प्रेसमध्ये खिळे जुळवून मजकूर बसवीत आणि ट्रेडल मशीनवर छापीत. चित्राला वेगळा ब्लॉक लागे. बुद्धांचा ब्लॉक प्रेसकडे नसेल, तर तो करून घेण्याचा खर्च आपल्यालाच पडे. आता ऑफसेट आणि संगणक आले. हवे ते चित्र, हवे ते अक्षर क्षणात बसते. तरीही अडचण पूर्ण संपलेली नाही. बाजारात तयार पत्रिका मिळतात, त्यांतल्या पुष्कळांवर गणपती, कलश, स्वस्तिक आधीच सोनेरी ठशात उठवलेले असतात. प्रेसवाला म्हणतो, "त्यावर बुद्धांचा स्टिकर लावून देतो." स्टिकर उचकटला की खाली गणपती! गौरी-गणपती आम्ही मानणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा आहे. ती स्टिकरने झाकून पाळता येत नाही. त्यापेक्षा कोरा, बरा जाड कागद घ्यावा आणि आपल्या मनासारखी छपाई करून घ्यावी. बहुधा ती स्वस्तही पडते.

शब्द पारखून घ्यावेत

'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ सवयीने येते. आपल्या मुलांचे शिक्षण, नोकरी, लग्न आई-बापांच्या कष्टाने आणि बाबासाहेबांच्या उपकाराने झाले. तेच लिहावे.

'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. नवऱ्याच्या असण्यावर बाईचे भाग्य ठरवणारा हा शब्द आहे. वराच्या नावामागे मात्र असे काही नसते. आपल्याकडे वराला 'आयुष्मान' आणि वधूला 'आयुष्मती' म्हणण्याची सुंदर रीत आहे. दोघांनाही दीर्घायुष्य चिंतिणारा एकच शब्द, नुसते लिंग बदललेले. यात समता आपोआप येते.

दिवंगतांच्या नावापुढे 'कै.' किंवा 'वै.' लागते. कैलास आणि वैकुंठ ही आपली ठिकाणे नव्हेत. आपल्यात 'कालकथित' हा शब्द रूढ झाला आहे. पालीतील मूळ शब्द 'कालकत', म्हणजे ज्याचा काळ झाला तो.

चौथा मुद्दा मुहूर्ताचा. पंचांग सोडले म्हणतो आणि पत्रिकेवर छापतो 'दुपारी १२ वा. ३५ मि.' ही पस्तीस मिनिटे आली कोठून? सरळ 'दुपारी १२ वाजता' लिहावे आणि बारालाच लग्न लावावे. शिवाय ज्या दिवशी पंचांगात मुहूर्त नाही, त्या दिवशी हॉल, मंडप, वाजंत्री सहज मिळतात. मुहूर्त न मानण्याचा हा रोकडा फायदा आहे!

शकाऐवजी बुद्धाब्द लिहायचा असेल तर हिशेब सोपा आहे. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला २५०० वर्षे पूर्ण झाली. म्हणून वैशाख पौर्णिमेनंतरच्या तारखेला इसवी सनात ५४४ मिळवावेत, आधीच्या तारखेला ५४३. डिसेंबर २०२० चे लग्न असेल तर बुद्धाब्द २५६४.

चित्रे किती आणि कोणती?

तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा पत्रिकेवर असाव्यात असे सर्वांनाच वाटते. भावना योग्य आहे. परंतु लग्न उरकले की त्याच पत्रिका हॉलच्या जिन्यावर पायाखाली पडलेल्या दिसतात, कोणी त्यावर लाडू ठेवून खातो. हे पाहून जीव तुटतो. म्हणून आमची सूचना अशी की, प्रतिमा छापायच्या तर पत्रिका मोजक्याच छापाव्यात आणि हातोहात द्याव्यात. मोठ्या संख्येने छापायच्या तर धम्मचक्र, पिंपळपान किंवा सांचीचा स्तूप अशी चिन्हे वापरावीत.

चिन्हांचा अर्थही ठाऊक असावा. आठ आऱ्यांचे चक्र आर्य अष्टांगिक मार्गाचे. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला चोवीस आरे आहेत. प्रेसवाल्याला कोणते हवे ते सांगावे, नाहीतर तो सहा आऱ्यांचे गाडीचे चाक बसवून मोकळा होतो. पंचरंगी धम्मध्वज छापायचा असेल तर रंगांचा क्रम निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी असा आहे. हा ध्वज श्रीलंकेत १८८५ साली प्रथम फडकला.

आईचे नाव कोठे आहे?

आता सर्वांत महत्त्वाचे. अनेक घरांत वडील नसतात. आईने धुणीभांडी करून, बांधकामावर पाट्या उचलून मुलगी शिकवलेली असते. पण पत्रिका छापताना निमंत्रक म्हणून चुलत्याचे नाव वर येते आणि आई कोठेतरी तळाशी, दहाव्या ओळीत, 'श्रीमती' म्हणून उरते. विधवेने शुभकार्यात पुढे येऊ नये, ही जुनी समजूत आपल्या घरात अशी चोरपावलांनी शिरते. ज्या बाबासाहेबांनी स्त्रियांना हक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांना हे शोभत नाही.

आमच्या पाहण्यातील एका मुलीने निक्षून सांगितले, "पत्रिकेवर पहिले नाव माझ्या आईचे येईल, नाहीतर पत्रिकाच छापू नका." भावकीत कुजबुज झाली. शेवटी 'निमंत्रक' या शब्दाखाली एकट्या आईचे नाव छापले गेले. त्या माउलीला वाचता येत नव्हते. मुलीने तिचे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवले. जन्मभर मजुरीच्या हजेरीपटावर अंगठा उठवलेल्या त्या बाईने आपले नाव सोनेरी अक्षरांत प्रथमच पाहिले. अशी पत्रिका शंभर भाषणांचे काम करते.

आता तर शासनानेही आईचे नाव पुढे आणले आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. आपली पत्रिका त्याच्या मागे का राहावी?

नावांची जत्रा आणि खर्च

काही पत्रिकांवर साठ-सत्तर नावे असतात. भावकी, मामेकुळ, मित्रमंडळ, पुढारी! एक नाव राहिले किंवा खाली-वर झाले की माणूस लग्नाला येत नाही. 'समस्त परिवार' एवढे लिहून हा प्रश्न सुटतो.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. पाचशे पत्रिका आहेत असे धरा. एक पत्रिका २५ रुपयांची घेतली तर १२,५०० रुपये होतात. सात रुपयांची साधी घेतली तर ३,५००. फरक ९,००० रुपयांचा. हे पैसे व्याजाने काढलेले असतील तर लग्नानंतरही ते फेडत बसावे लागते. तेवढ्यात धाकट्या भावंडाची पुस्तके आणि शिकवणी निघू शकते. दूरच्यांना मोबाईलवर पत्रिका पाठवायला हरकत नाही. पण वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे स्वतः जावे. त्यांना कागद नको, आपले दोन शब्द हवे असतात.

पत्रिका जपून ठेवा

आपल्या लग्नांनाही हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे. त्यामुळे बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नाची नोंदणी वेळेत करणे फार महत्त्वाचे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा असून नव्वद दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावयाचा असतो. त्या वेळी लग्नपत्रिका मागितली जाते. म्हणून वधू-वरांची नावे शाळेच्या दाखल्याप्रमाणेच छापावीत, लाडकी नावे कंसातही घालू नयेत. तारीख व स्थळ अचूक असावे. प्रूफ घरातल्या दोघांनी स्वतंत्र वाचावे. आणि चार-पाच प्रती जपून ठेवाव्यात.

एक नमुना

वाचकांच्या सोयीसाठी साधा मजकूर देत आहोत :

'नमो बुद्धाय. जयभीम. आमची कन्या आयुष्मती (नाव, शिक्षण) आणि आयुष्मान (नाव, शिक्षण) यांचा मंगल परिणय (दिनांक) रोजी दुपारी १२ वाजता (स्थळ) येथे बौद्ध पद्धतीने होत आहे. आपण सहकुटुंब येऊन उभयतांना मंगल कामना द्याव्यात. आहेर आणू नये, एखादे पुस्तक आणल्यास आनंद होईल. निमंत्रक : (आईचे नाव), (वडिलांचे नाव) व समस्त परिवार.'

एवढ्यात सारे येते. यंदा ज्या घरांत लग्न ठरले आहे, तेथील तरुण मुला-मुलींनी पत्रिकेचे काम प्रेसवाल्यावर न सोपवता आई-वडिलांसोबत बसून स्वतः लिहावे, ही आमची विनंती. चार ओळीच लिहायच्या आहेत, पण त्या आपल्या असू द्या.

जयभीम!