दात भरताना कोरडेपणा किती असावा?

कीड काढल्यानंतर दातात भरले जाणारे दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट स्वतःहून दाताला चिकटत नाही. त्याला दाताशी जोडण्यासाठी बाँडिंगचा अतिशय पातळ थर लावावा लागतो. तो नीट बसला नाही तर भरण सुटते किंवा थंड पाण्याने दात ठणकतो. रिसोड किंवा मानोऱ्याहून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या रुग्णाला मग पुन्हा फेरी पडते. म्हणून या जोडणीमागील शास्त्र येथे थोडक्यात मांडत आहोत.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. फॉस्फोरिक आम्लाने ते सूक्ष्म खडबडीत केल्यास त्यावर भरण घट्ट बसते, हे अमेरिकेतील डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले. आम्ल धुऊन वाळवलेले इनॅमल खडूसारखे पांढुरके दिसते. येथे कोरडेपणा हितकारकच ठरतो.

आतील डेंटिनची रचना मात्र वेगळी आहे. त्यात खनिजाबरोबर कोलॅजेनचे तंतू आणि पाणीही असते. आम्लाने खनिज विरघळले की या तंतूंच्या जाळीला केवळ पाण्याचा आधार उरतो. हवेचा झोत अधिक वेळ दिल्यास जाळी कोसळते आणि बाँडिंगचा द्रव आत झिरपत नाही. उलट पाणी साचून राहिल्यास द्रव विरळ होऊन जोड कमकुवत होतो. म्हणून डेंटिन ओलसर, किंचित चमकणारे ठेवावे लागते. ते जास्त सुकल्यास ओल्या कापसाच्या बोळ्याने पुन्हा ओलसर करतात. बाँडिंग लावल्यानंतर मात्र त्यातील अल्कोहोल किंवा ॲसिटोन हलक्या हवेने उडवावेच लागते. आम्ल धुण्याची गरज नसलेल्या नव्या प्रकारांत डेंटिन अतिरिक्त सुकण्याचा धोका कमी असतो.

वाशीम जिल्ह्याचा उन्हाळा कडक व कोरडा, तर पावसाळा दमट. उन्हाळ्यात बाटलीतील ॲसिटोन लवकर उडते, म्हणून झाकण तत्काळ लावून काढलेला थेंब लगेच वापरावा लागतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते नियमित काढले नाही तर वाळवण्याच्या हवेतूनच दातावर तुषार येतात. उच्छ्वासाची वाफ व लाळ दूर ठेवण्यासाठी रबर डॅम उपयोगी पडतो.

देणगीदारांनी ध्यानी घ्यावे की, हवेतील पाणी व तेल अडवणारे साधे फिल्टरही भरणाचे आयुष्य वाढवण्यास हातभार लावतात. नातेवाइकांनीही उपचार लवकर उरकण्याचा आग्रह धरू नये, ही विनंती. या काही क्षणांच्या काळजीवरच पुढील अनेक वर्षांचे चर्वण अवलंबून असते.