फेऱ्यांची सायकल शर्यत : वारा आणि वळण

जत्रेत कुस्त्या होतात तशा आपल्याकडे सायकल शर्यतीही होतात, बहुधा सरळ रस्त्यावर जाऊन-येऊन. फेऱ्यांची शर्यत निराळी. एक-दोन किलोमीटरचा बंद रस्ता, त्यावर ठराविक फेऱ्या. युरोपात तिला क्रायटेरियम म्हणतात.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट गडी निवडतो. तिथं पहिला चढेल तो 'घाटाचा राजा'. सोलापूरकडं रान सपाट, इथं निकाल वारा आणि वळण लावतं. मी एकदा हौसेनं उतरलो. तीन फेऱ्या पुढं राहून वारा अंगावर घेतला, मिरवायचं होतं ना! मागचे माझ्या आडोशाला निवांत. केळीला शेवरीचा आडोसा करतो, तसंच हे. पुढच्याच्या चाकामागं हातभर अंतरावर राहिलं की बराच जोर वाचतो.

चौथ्या फेरीला दम संपला, मागं पडलो, म्हणूनच वाचलो. वळणावर उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं वाढं होतं. पुढच्या पोरानं ऐन वळणात ब्रेक दाबला अन् घसरला. मागचे चौघे त्याच्यावर. एकाचं मनगट मोडलं. ब्रेक वळणाआधी दाबायचा असतो.

सरपंच, पोलीस पाटलांनी सकाळीच वळणं झाडून घ्यावीत, शर्यत संपेपर्यंत ट्रॉल्या अडवाव्यात. हेल्मेटशिवाय कुणाला उतरवू नये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या रचाव्यात. कडबा काही वाया जात नाही, संध्याकाळी दावणीला टाकता येतो.